मेडन बघून आलो : सोलापूर-मुंबई-सोलापूर

३१ जानेवारी २००८, गुरुवार. सोलापूर

उद्या आयर्न मेडन, इंग्लंडचा हेवी मेटल बँड, मुंबईत वाजवणारेत आणि तिकीट माझ्या पाकिटात आहे, आतल्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. सकाळपासून सारखं पाकीट उघडून बघायलोय. दुपारी लोडशेडिंग, टेप लावता येईना, मग वॉकमनमध्ये पेन्सिल सेल घातले आणि त्यांच्या ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बमची कॅसेट घेऊन गच्चीवर जाऊन बसलो. ही कॅसेट ओरिजिनल नाही, दोस्ताच्या मामेभावानं पुण्यातून भरून आणलेली. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं मधेच तुटतं, कारण ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ तेरा मिनिटांच्या वर आहे आणि तेवढी टेपच उरली नव्हती. म्हातारा खलाशी, त्यानं मारलेला तो पक्षी, वारा पडून समुद्रात अडकलेलं जहाज, आणि एकदम खट्. कॅसेट संपली. कित्येक वर्षं मला त्या जहाजाचं पुढं काय झालं ते माहीतच नव्हतं, मग कॉलेजात आल्यावर सायबर कॅफेत बसून एमपीथ्री उतरवली तेव्हा शेवट ऐकला.

सोलापुरात आम्हाला हे सगळं असंच मिळतं, तुकड्यातुकड्यात आणि उशिरा. अल्बम निघून वर्षं झाल्यावर कॅसेट येते, ती पण कुणीतरी पुण्या-मुंबईहून आणली तर. मासिक कुणी आणलं तर त्यातली बातमी शिळी झालेली असते. १९८४ सालचा अल्बम मी जवळजवळ वीस वर्षांनी पहिल्यांदा ऐकलाय. त्यामुळं ह्या वेळची गोष्ट काय आहे ते नीट सांगतो, कारण घरात कुणालाच ती कळेना. मेडनची ही नवीन वर्ल्ड टूर आहे, ‘समव्हेअर बॅक इन टाइम’, त्यात ते ऐंशीच्या दशकातली जुनी गाणी वाजवणार, ‘पॉवरस्लेव्ह’च्या टूरला होता तसा इजिप्तचा सेट लावणार, आणि ह्या टूरचा पहिला शो मुंबईत आहे. लंडनला नाही, न्यूयॉर्कला नाही. मुंबई झाल्यावर ते ऑस्ट्रेलियाला जाणार, मग जपान, अमेरिका, ४५ दिवसांत जवळजवळ ५० हजार मैल, आणि जाणार कसे तर स्वतःच्या विमानातून, बोईंग ७५७, शेपटावर एडीचं, म्हणजे बँडच्या त्या भुतासारख्या मॅस्कॉटचं चित्र, आणि ते विमान चालवणार कोण तर गाणारा ब्रूस डिकिन्सन! तो खरोखरचा एअरलाइनचा पायलट आहे. आईला हे सांगितलं तर ती म्हणली, "गातो कधी मग तो?"

आम्ही तिघं चाललोय. एक बेंगलोरवाला, म्हणजे आहे सोलापूरचाच, पण गेल्या वर्षी १७ मार्चला मेडन पहिल्यांदा भारतात आले, बेंगलोरला पॅलेस ग्राउंडवर, तेव्हा हा उद्यान एक्सप्रेस धरून एकटाच गेलता. माझी परीक्षा होती. परत आला तेव्हा आठवडाभर त्याचा आवाज बसलेला आणि त्या बसलेल्या आवाजात तो मला एकेक गाणं सांगत बसायचा. दुसरा हलगीवाला, आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या लेझीम पथकात हलगी वाजवतो, इंग्रजी गाण्यातलं अक्षर कळत नाही म्हणतो पण ताल त्याला आमच्या दोघांपेक्षा जास्त कळतो.

संध्याकाळी होम मैदानावरनं चालत स्टेशनला गेलो. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे अजून उतरवले नव्हते. सात-आठ भोंग्यांवर सात-आठ वेगवेगळी गाणी, वरनं ‘मौत का कुआं’वाल्याचा माइक. हलगीवाल्यानं भजी घेतली, आणि आम्ही तिघं भजी खात ह्याच गोष्टीवर भांडत गेलो की उद्या पहिलं गाणं कुठलं असणार.

ह्याचं उत्तर जगात कुणालाच माहीत नाही, ह्याचीच मला सगळ्यात जास्त मजा वाटायलीय. टूरचा पहिला शो म्हणजे सेटलिस्ट, म्हणजे वाजवायच्या गाण्यांची यादी, कुठंच फुटलेली नाही. सिद्धेश्वर एक्सप्रेस सुटल्यावर, मोहोळ मागं पडायच्या आधीच, वहीची पानं फाडून तिघांनी आपापली यादी लिहिली, घड्या घालून माझ्या पाकिटात ठेवल्या. मी ‘राइम’ लिहिलं. बेंगलोरवाला म्हणला, "काय बे, तेरा मिनिटं कोण वाजवायलंय आता, पन्नाशीला आलेत ते." मी म्हणलं बघू.

१ फेब्रुवारी, शुक्रवार. मुंबई

कुर्डुवाडीपर्यंत जागा होतो, मग झोप लागली ती पुण्याला मोडली. डब्यात चार पोरं चढली, सगळी काळ्या टीशर्टात, एकाच्या पाठीवर ‘नंबर ऑफ द बीस्ट’चं चित्र. मध्यरात्र उलटून गेलेली, सगळा डबा झोपलेला, आणि मी वरच्या बर्थवरनं वाकून त्याला विचारलं, "बीकेसी?" (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स, शो तिथंच.) तो म्हणला, "मग कुठं!" आणि हात वर करून टाळी दिली. नाव गाव काही विचारलं नाही. सोलापुरात रस्त्यानं चालताना असा टीशर्टवाला अनोळखी माणूस मला आजपर्यंत एकदा पण भेटलेला नाही.

दादरला उतरलो, कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये काकांकडं गेलो. काकूला आईनं दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली, ती लगेच वास घेऊन बघितली आणि म्हणली "हे आपल्याकडचंच रे, इथं चटणी मिळते पण असली नाही." काका पेपर वाचत होते. विचारलं, "किती वेळ चालतं हे?" म्हणलं दोन तास, काका. "एवढ्यासाठी सोलापूरहून आलास तू?" मी हो म्हणलं. ते काही बोलले नाहीत, पण दुपारी निघताना शंभराची नोट हातात ठेवली आणि म्हणले, "रात्री रिक्षा नाही मिळाली तर चालत ये, पण स्टेशनच्या पुलावरनं ये, खालून नको."

दोनला बीकेसीतल्या एमएमआरडीएच्या मैदानावर पोचलो तर आधीच लाइन लागलेली. ऊन कडक, सावली कुठंच नाही, धूळ. पण ती लाइन! माझ्या पुढं शिलाँगची पोरं होती, गिटार वाजवणारी, दोन दिवसांपेक्षा जास्त गाडीत बसून आलेली. मागं केरळचे दोघं. एक बाई होत्या चाळिशीच्या, त्यांच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या, मला वाटलं मुलासाठी आल्यात, तर मुलगा म्हणला "मम्मीचा बँड आहे". एकानं मोबाइलवर ‘हॅलोड बी दाय नेम’ लावलं, आवाज पत्र्यासारखा, आणि लाइनीतल्या पन्नास-साठ जणांनी ते पूर्ण म्हणलं, सोलोसकट, म्हणजे सोलो पण तोंडानं. मी गाणाऱ्यांतला नाही पण म्हणलं. घरी दार लावून ऐकायची सवय माझी, आवाज वाढला की खालनं कुणीतरी ओरडणार ह्या हिशोबानं. इथं उलटं होतं, जो म्हणत नव्हता त्याच्याकडं लोक बघायलेले.

गेटवर तपासणीत पाण्याची बाटली, बेल्ट आणि वॉकमनचे सेल काढून घेतले. जाऊ दे म्हणलं. आत पळालो. कठड्यापासून दहा-बारा माणसं सोडून जागा मिळाली, बेस वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसच्या बाजूला.

अंधार पडला, आणि स्पीकरवर यूएफओ ह्या बँडचं ‘डॉक्टर डॉक्टर’ लागलं. बेंगलोरवाल्यानं माझा दंड धरला, "हे वाजलं की येतात बे, हे वाजलं की येतात." मेडन स्टेजवर यायच्या आधी हे गाणं लावतात हे मला वाचून माहीत होतं, पण वाचणं वेगळं. सगळं मैदान ते गाणं म्हणायलेलं. मग दिवे गेले. चर्चिलचं भाषण सुरू झालं, समुद्रकिनाऱ्यांवर लढू ते, मेडनच्या ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ अल्बमच्या सुरुवातीला आहे तेच, आणि मला कळलं की पहिलं गाणं ‘एसेस हाय’ आहे. माझ्या यादीत पहिलं तेच लिहिलेलं! शेवटचा शब्द पडला आणि तिन्ही गिटार एकदम सुरू झाल्या, उजेड पडला, ब्रूस मागच्या उंचवट्यावरनं उडी मारून पुढं आला. ती पोरं काय उसळली सांगता येत नाही, माझे पाय जमिनीला होते का नव्हते माहीत नाही, गर्दीच उचलत होती.

एकेक गाणं सांगत बसत नाही, पण काही सांगितलीच पाहिजेत.

‘ट्रूपर’. ब्रूस लाल सैनिकी कोट घालून आला, हातात ब्रिटनचा झेंडा, फाटलेला. स्टीव्ह हॅरिस आमच्या समोर, एक पाय स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरवर, बेस बंदुकीसारखा आमच्यावर रोखलेला आणि स्वतः गाण्याचा शब्दन् शब्द म्हणत होता. ह्या माणसानं १९७५ साली पूर्व लंडनमध्ये हा बँड काढला आणि तेव्हापासून एक पण अल्बम त्याच्याशिवाय झाला नाही. तो पिक वापरत नाही, बोटांनी वाजवतो, आणि त्याची ती घोड्याच्या टापांसारखी चाल आहे ना, एक लांब दोन आखूड, एक लांब दोन आखूड, ती छातीत येऊन बसते. हलगीवाला माझ्या कानात ओरडला, "अबे ही तर आपली हलगी आहे!" आणि खरंच सांगतो, मिरवणुकीत लेझीम पुढं सरकताना हलगी जशी मागनं ढकलते, तसंच होतं ते. नंतर तो सगळा वेळ निको मॅकब्रेनकडंच बघत होता, जो ढिगानं मांडलेल्या ड्रमच्या मागं दिसत पण नव्हता नीट, फक्त काठ्या वर आलेल्या दिसायच्या. निको एकाच पायानं बेस ड्रम वाजवतो, डबल पेडल नाही, हे त्याला मी गाडीत सांगितलं होतं आणि त्याचा विश्वास बसला नव्हता.

‘वेस्टेड इयर्स’ला गिटारवाल्या एड्रियन स्मिथनं तो सुरुवातीचा तुकडा वाजवला आणि माझ्या शेजारचा एक दाढीवाला, चांगला मोठा माणूस, रडायला लागला. त्याच्या दोस्तानं खांद्यावर हात ठेवला, दोघं तसेच रडत गात राहिले.

आणि मग ब्रूसनं बोलायला सुरुवात केली, आणि त्या बोलण्यातनं मला अंदाज आला, आणि मी बेंगलोरवाल्याला धरून हलवायला लागलो. ‘राइम’. वाजवलं. त्यांनी वाजवलं! मागचा पडदा बदलला, जहाज आलं. कोलरिजची ती १७९८ सालची कविता, हॅरिसनं तिचं गाणं केलंय, आणि मी ते अर्धं ऐकत मोठा झालो. मधे एक जागा आहे तिथं सगळं थांबतं, गिटार नाही ड्रम नाही, फक्त लाकूड करकरल्याचा आवाज, वारा नाही, जहाज एका जागी उभं, आणि खालून बेस एकेक थेंब सोडल्यासारखा. स्टेजवर धूर, निळा उजेड. इतका वेळ जे मैदान गर्जत होतं ते गप्प. माझी कॅसेट ह्याच्या थोडं पुढं तुटायची. मी तो तुटायचा क्षण अंगात घेऊन उभा होतो, आता येईल, आता येईल, आणि तो आला आणि गेला, आणि ब्रूसनं वरची किंकाळी लावली आणि सगळं परत सुरू झालं, पूर्ण ताकदीनं, आणि जहाज निघालं. मला शब्द माहीत होते पण माझ्या तोंडातनं आवाज निघेना. असं मला कुठल्याच गोष्टीनं झालेलं नाही आजपर्यंत, देवळात पण नाही.

त्याच्यामागं लगेच ‘पॉवरस्लेव्ह’, ब्रूस पिसांचा मुखवटा घालून. श्वास घ्यायला वेळ नाही. जॅनिक गर्स गिटार गळ्याभोवती फिरवत नाचतोय, डेव्ह मरे आपला एका जागी उभा राहून हसत हसत सगळ्यात अवघड सोलो वाजवतोय. तीन गिटारवाले कशाला असं काही जण म्हणतात, १९९९ ला एड्रियन आणि ब्रूस परत आले तेव्हा जॅनिकला काढायला पाहिजे होतं म्हणतात. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांनीच म्हणावं. स्टेजवर ह्या तिघांचं एकमेकांकडं बघून चाललेलं असतं ते सीडीत ऐकू येत नाही.

‘फिअर ऑफ द डार्क’ हे एकच गाणं ऐंशीच्या दशकातलं नाही, १९९२ चं आहे, पण ते काढलं असतं तर लोकांनी स्टेज सोडू दिलं नसतं. त्याची गिटारची सुरुवातीची धून मैदानानं वाजवली म्हणायला पाहिजे, कारण गिटार ऐकूच येत नव्हती, हजारो गळे ओ-ओ करत होते. शिलाँगची पोरं कुठं होती, केरळचे कुठं होते माहीत नाही पण त्या आवाजात ती सगळी होती. ब्रूस मधेच थांबून नुसतं बघत उभा राहिला. मग ‘आयर्न मेडन’ गाण्याला मागनं ममीच्या रूपातला अवाढव्य एडी वर आला. आणि दुसरा एडी, ‘समव्हेअर इन टाइम’ अल्बमवरचा, सायबॉर्ग, बंदूक घेऊन स्टेजवर चालत आला आणि जॅनिक त्याच्या पायांतनं पळायला लागला. लाइनीतला तो बारा-तेरा वर्षांचा मुलगा मला तेव्हा दिसला, कुणाच्या तरी खांद्यावर बसलेला, तोंड उघडं.

शेवट ‘हॅलोड बी दाय नेम’नं. दहाच्या आत सगळं बंद करावं लागतं, तसं झालं. दिवे लागले, स्पीकरवर ते शिट्टीवालं गमतीचं गाणं लागलं आणि लोक एकमेकांच्या गळ्यात पडायलेले.

रिक्षा नाहीच. बीकेसीतनं कुर्ला स्टेशनपर्यंत चालत गेलो, सगळा रस्ता काळे टीशर्ट, आणि सगळे गातच होते. पुलावरनं गेलो. काका जागे होते. म्हणले, "झालं मनासारखं?" मी मान हलवली, आवाज नव्हता.

२ फेब्रुवारी, शनिवार. मुंबई

कानात शिट्टी वाजायलीय. काकूनं पोहे केले आणि विचारत राहिली, काय गातात, कशाबद्दल असतं. मी बसलेल्या आवाजात तिला खलाशाची गोष्ट सांगितली, पक्षी मारतो, वारा पडतो, सगळीकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही, सोबतचे दोनशे जण मरतात आणि हा एकटाच जगतो, मग गावोगाव फिरून लोकांना तीच गोष्ट सांगायची त्याला शिक्षा मिळते. काकू पोहे परतायचं थांबून ऐकत होती. म्हणली, "हे चांगलं आहे की रे. मला वाटलं नुसता दंगा असतो."

दुपारी काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसला गेलो. आत निम्मे लोक कालचेच, टीशर्टवरनं नाही तर आवाजावरनं ओळखू यायले, सगळ्यांचे बसलेले. काकांनी दिलेल्या नोटेत माझे पैसे घालून ‘पॉवरस्लेव्ह’ची सीडी घेतली. ओरिजिनल. शेवटचं गाणं अख्खं.

रात्री सीएसटीला सिद्धेश्वरमध्ये बसल्यावर पाकिटातनं याद्या काढल्या. सोळा गाणी वाजली. ‘पॉवरस्लेव्ह’ची चार, ‘नंबर ऑफ द बीस्ट’ची तीन, ‘सेव्हन्थ सन’ची तीन. ‘मूनचाइल्ड’ आणि ‘क्लेअरव्हॉयंट’ कुणाच्याच यादीत नव्हती. सगळ्यात जास्त बरोबर बेंगलोरवाल्याची निघाली, पण ‘राइम’ फक्त माझ्याकडं होतं आणि त्यानं ते मान्य केलं, हात जोडून. परवा पर्थला त्यांचा शो आहे, मग मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन. तिथली पोरं आता सेटलिस्ट वाचून जाणार. तिकडच्या लोकांना मुंबईत काय वाजलं ते विचारावं लागणार, हे मी बेंगलोरवाल्याला तीनदा सांगितलं आणि तो तिन्ही वेळा तितकाच खूष झाला.

३ फेब्रुवारी, रविवार. सोलापूर

सकाळी पोचलो, अंघोळ करून झोपलो, उठेपर्यंत लाइट गेलेली. सीडी तशीच पडलीय टेबलावर.

संध्याकाळी हलगीवाल्याचा फोन, लगेच ये म्हणला. १९ तारखेच्या शिवजयंतीसाठी लेझीमचा सराव सुरू आहे त्यांचा. गेलो तर ह्यानं पोरांना थांबवून ठेवलेलं आणि हलगीवर ‘ट्रूपर’ची चाल लावलेली, एक लांब दोन आखूड, पण लेझीमच्या चार पावलांत ती नीट बसेना, तिसऱ्या पावलाला पोरांचे पाय अडकायलेले. मला म्हणला, "तू तोंडानं गिटार म्हण, मग त्यांना कळंल." माझा आवाज अजून बसलेलाच, तरी म्हणलं. दोन पोरांना जमलं. बाकीच्यांना हळू लयीत शिकवायला पाहिजे. उद्या सातला परत बोलवलंय, येताना सीडी आणि बेंगलोरवाल्याला घेऊन ये म्हणलाय.